‘आमचा गाव’ कोणाचा?

खेड्यावर लिहिण्याची हौस मराठी लेखकाला उपजतच असते. कोणताही दिवाळी अंक उघडावा. निदान दोन कथांत बैल हंबरत असतात, एकीत विहीर आटलेली असते आणि एखाद्या कवितेत पायवाट हरवलेली असते. याबद्दल माझी तक्रार नाही. त्या विहिरीचे पाणी मीही प्यालो आहे, आणि माझ्या कादंबऱ्यांतले बैल इतरांच्या बैलांपेक्षा कमी हंबरत नाहीत. तक्रार आहे ती निराळीच. कल्याणच्या पुढे, कर्जतच्या आणि कसाऱ्याच्या वाटेवर, उल्हास, काळू, भातसा या नद्यांच्या काठी जी गावे ओळीने बसली आहेत, ती धड खेडी राहिली नाहीत आणि धड शहरेही झाली नाहीत. तेथील कर्ता माणूस दिवस उजाडण्याच्या सुमारास गाडीत बसून मुंबईस जातो आणि निजायला परत येतो. अशा गावांतून आज लाखो मराठी माणसे राहतात. पुस्तके विकत घेणारी आणि वाचनालयांची वर्गणी भरणारी माणसेही याच गावांत पुष्कळ आहेत. पण त्यांनी स्वतःचे गाव पुस्तकात पाहायचे म्हटले तर कोणते पुस्तक हाती द्यावे?

एक पुस्तक आहे. मात्र ते कादंबरी नव्हे, कथासंग्रह नव्हे, आणि ते निघाले १९३३ साली.

ना. गो. चापेकर यांचे ‘बदलापूर’, आणि त्याच्या जोडीला ‘आमचा गाव’ हे दोन शब्द. चापेकर न्यायखात्यात नोकरी करून निवृत्त झाले, आणि निवृत्तीनंतर बदलापुरास राहून त्यांनी आपल्या गावाचा इतिहास, तेथील जाती, धंदे, शेती, चालीरीती, लोकांची सांपत्तिक स्थिती यांची बारीकसारीक नोंद केली. पुढच्याच वर्षी, १९३४ साली, बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १८६९ मध्ये जन्मलेला हा गृहस्थ १९६८ पर्यंत जगला. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे. विद्वान म्हणून त्यांचे नाव अजून घेतले जाते, ‘चित्पावन’ आणि ‘पेशवाईच्या सावलीत’ या ग्रंथांचा दाखला अभ्यासक देतात. परंतु सर्वसामान्य वाचकाच्या फळीवर ‘बदलापूर’ क्वचितच दिसते. कपाटातील संदर्भग्रंथांत ते जाऊन बसले, आणि संदर्भग्रंथ म्हटला की आपण त्याला हात न लावता नमस्कार करतो.

हे फार वाईट झाले. कारण या पुस्तकाने जे केले ते मराठीत त्यापूर्वी फारसे कोणी केले नव्हते. त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ १९१५ मध्ये निघाला होता. तो मोठाच ग्रंथ. पाटील, कुळकर्णी, बलुतेदार, फिरस्ते यांचा संसार कसा चालतो आणि कोठे कुरकुरतो हे ज्याला कळून घ्यायचे आहे त्याला आजही त्याच्यावाचून गत्यंतर नाही. पण आत्र्यांचे खेडे हा सगळ्या खेड्यांचा अर्क आहे. त्याला वेस आहे, पार आहे, चावडी आहे, पत्ता नाही. चापेकरांचे गाव तिकीट काढून जाता येते असे आहे. त्याला नाव आहे, नदी आहे, शेजारपाजारची गावे आहेत. एकाच गावावर इतका वेळ नजर ठेवून बसण्यास जो धीर लागतो तो आम्हा गोष्टी लिहिणाऱ्यांपाशी नसतो. आम्ही गावात चार दिवस राहतो, एक म्हातारी आणि एक वेडा पाहून घेतो, आणि परतीच्या एस.टी.त पहिले प्रकरण लिहावयास बसतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कल्याणच्या पुढे खोपोलीच्या बाजूला आगगाडी गेली ती १८५६ साली. म्हणजे चापेकरांनी पुस्तक छापले तेव्हा त्या गावावरून गाडी जाऊ लागून सत्याहत्तर वर्षे झाली होती. रुळावाचूनचे बदलापूर डोळ्यांनी पाहिलेले माणूस तोवर बहुधा उरलेही नसेल. तेव्हा आपण ज्याला आज ‘जुने, खरे बदलापूर’ म्हणून उसासा टाकतो, तेही गाडीच्या शिट्टीवर घड्याळ लावणारे गाव होते. चापेकरांना त्याची लाज वाटली नाही. गाव शुद्ध स्वरूपात सापडावे म्हणून ते आडरानात गेले नाहीत. जे गाव त्यांच्या वाट्याला आले होते तेच त्यांनी समोर घेतले. मराठी ग्रामीण लेखकाने एवढा एक धडा जरी त्यांच्याकडून घेतला असता, तरी आपले निम्मे उसासे वाचले असते.

आता गुणांबरोबर दोषही सांगितले पाहिजेत. चापेकर न्यायासनावरून उठले खरे, पण न्यायासन त्यांच्याबरोबर बदलापुरास आले असावे असे वाटते. माणसे त्यांच्या नोंदींत येतात, गोष्टीत येत नाहीत. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यावे आणि पिंजऱ्यातून खाली उतरावे, असा काहीसा त्यांचा रिवाज आहे. हसणे, भांडणे, रुसणे यांना अशा ग्रंथात जागा कमीच. आणि ‘आमचा’ हा जो शब्द आहे, त्यातला ‘आम्ही’ कोण? शिकलासवरलेला, सुस्थितीतला, ब्राह्मण आळीतला निवृत्त अधिकारी गावाला ‘आमचा’ म्हणतो तेव्हा त्यात प्रेम असते, आणि थोडी मालकीही असते. त्याच शिवारातल्या ठाकराने किंवा कातकऱ्याने गावाला काय म्हटले असते? कदाचित ‘त्यांचा गाव’ म्हटले असते. हा प्रश्न चापेकरांवर रागावण्यासाठी मी विचारीत नाही. त्यांच्या पुस्तकाचे नावच तो विचारते, आणि आज नव्वद वर्षे उलटल्यावर तो अधिकच जोराने विचारते.

याच्या शेजारी आपल्या कादंबऱ्या ठेवून पाहा. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ ची. तिचा निवेदक शाळामास्तर आहे, म्हणून मला ती अंमळ जास्तच जवळची वाटते. दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात, वाडी उठते आणि मास्तर रिकाम्या शाळेचा मास्तर उरतो. त्याच साली गो. नी. दांडेकरांची ‘पडघवली’ आली. तेथे दुष्काळ नाही, पाऊस भरपूर आहे. पण माणसे मुंबईला जातात, वाडे पडतात, गावाची घडी विसकटते. दोन्ही पुस्तके थोर आहेत. मात्र त्यांच्यामागून आलेल्या आम्हा सर्वांना त्यांनी एकच वाट घालून दिली: गाव मरते ते ओस पडून मरते. दाराला कुलूप, अंगणात गवत, तुळशीवृंदावनाला तडा. ही चित्रे आता इतकी घोटली गेली आहेत की, नवशिका लेखकही ती डोळे मिटून काढतो.

परंतु गाव भरून गेल्यानेही हरवते, हे मराठीत कोणी सांगितले? पडघवलीहून निघालेली माणसे कोठे गेली? प्रथम गिरगाव-परळच्या खोल्यांत, मग त्यांची मुले डोंबिवलीस, आणि नातवंडे बदलापुरास. तेथे ज्या शिवारात ती जाऊन राहिली, तेथेही कोणाचे तरी अंगण होते. एका गावाचा शेवट म्हणजे दुसऱ्या गावाच्या डोक्यावर आलेला पाहुणा, हा कथेचा दुसरा भाग लिहिलाच गेला नाही.

आकड्यांनी बोलायचे तर, कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीत २००१ च्या शिरगणतीत लाखाच्या आत माणसे होती. २०११ मध्ये ती १,७४,२२६ झाली. २०२१ ची शिरगणती त्या साली झालीच नाही, तेव्हा पुढचा आकडा ज्याने त्याने स्टेशनच्या पुलावर उभे राहून अजमावावा. हद्दीत आलेल्या गावांची नावे पाहा: कात्रप, शिरगाव, खरवई, जुवेली, मांजर्ली, बेलवली, सोनिवली, वालिवली, एरंजाड, हेंद्रेपाडा. मोठ्याने म्हणून पाहावीत अशी नावे आहेत. वाचकाला मौज वाटेल, पण आज ही गावे शोधणारा माणूस इमारतींची इंग्रजी नावे विचारीत फिरतो. ज्या नावात ‘व्हॅली’ आहे तेथून दरी दिसत नाही, आणि ज्यात ‘रिव्हर’ आहे तेथे नदी दिसते ती पावसाळ्यात, नको इतकी. येथल्या जांभळाला अलीकडे भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन मिळाले त्या वेळी किती जांभळी उभ्या होत्या आणि किती सदनिका, याचा हिशेब मात्र मानांकनाच्या कागदावर नसतो.

गावाच्या नावाचीही एक गंमत आहे. घोडे बदलण्याची जागा म्हणून बदलापूर, असे लोक सांगतात. शिवाजीमहाराजांच्या सैन्याचे घोडे सुरतेच्या वाटेवर येथे बदलले जात, असे त्या व्युत्पत्तीला आख्यायिकेचे तोरणही बांधतात. खरेखोटे भाषापंडितांनी ठरवावे. २०१५ साली श्रीराम राघवन यांचा ‘बदलापूर’ नावाचा हिंदी चित्रपट आला, त्यात याच गावाच्या नावातून ‘बदला’, म्हणजे सूड, काढला आहे. मराठी कान ‘बदल’ ऐकतो, हिंदी कान ‘बदला’ ऐकतो. देशभरच्या प्रेक्षकांना गावाची ओळख झाली ती ही. चापेकरांचा ग्रंथ फळीवर झोपलेला असता दुसऱ्या कोणी येऊन आपल्या गावाचा अर्थ सांगून गेला, तर दोष कोणाला द्यावा?

आता रोजच्या जगण्याकडे येतो. बदलापूर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६८ किलोमीटर. घरातून स्टेशन, स्टेशनातून गाडी, गाडीतून कचेरी, असा जाण्यायेण्याचा वेळ दिवसाला साडेतीन तास धरला, आणि कामाचे दिवस २९० धरले, तर वर्षाचे १,०१५ तास होतात. म्हणजे अहोरात्र मिळून बेचाळीस दिवस. तीस वर्षांच्या नोकरीत साडेतीन वर्षे होतात! सातवीतली मुलेही हे गणित सोडवतात. उत्तर फळ्यावर आले म्हणजे वर्ग एकदम गप्प होतो, कारण प्रत्येकाच्या घरी ते उत्तर रात्री नऊ वाजता दार वाजवीत असते.

त्या साडेतीन वर्षांत माणूस काय करतो? चौथ्या सीटवर अर्धा टेकून वर्तमानपत्र वाचतो, टाळ घेऊन भजन म्हणतो, मोबाइलमध्ये पाहतो, उभ्या उभ्या झोपतो. बायकांच्या डब्यात मटार सोलले जातात, मेथी निवडली जाते, बाळंतपणाचे सल्ले मिळतात, संक्रांतीचे हळदीकुंकू होते. दसऱ्याला गाडीला हार घालतात. शेजारच्या इमारतीत कोण राहते हे ज्याला ठाऊक नाही, त्याला डब्यातल्या सोबत्याच्या मुलीचे लग्न कोठे अडले आहे हे ठाऊक असते. चापेकरांच्या गावाला पार होता आणि आळी होती. आजचा पार चाकांवर आहे, एवढेच. आणि त्या पारावर जात, धंदा, भाषा यांची कशी सरमिसळ होते, कोण कोणाला जागा देतो आणि कोणाला दारातच ठेवतो, याची नोंद करणारा कोणी निवृत्त न्यायाधीश अद्याप भेटलेला नाही. शं. ना. नवऱ्यांनी डोंबिवलीच्या मध्यमवर्गाला कथेत आणले, गंगाधर गाडगीळांनी मुंबईच्या कारकुनाला आणले. त्यांचे ऋण मानूनही म्हणावे लागते की, गाडीच्या शेवटच्या टोकाला जे गाव वाट पाहत असते, तेथवर आमची कथा उतरून चालत गेली नाही.

याचा परिणाम कोठे दिसतो ते सांगतो. याच पट्ट्यातल्या एका शाळेत मी मराठी शिकवतो. ‘माझे गाव’ हा निबंध दरवर्षी द्यावा लागतो. चाळीस मुलांपैकी पस्तीस मुले चिपळूणबद्दल, कऱ्हाडबद्दल, जळगावबद्दल लिहितात. जेथे ती जन्मली, वाढली, जेथे त्यांचे दात पडले आणि आले, त्याबद्दल नाही. जेथे ती मे महिन्यात आठ दिवस जातात त्याबद्दल. त्या निबंधांत हमखास एक विहीर असते, एक गाय असते आणि एक प्रेमळ आजी असते. आजी खरी असते. विहीर व गाय पाठ्यपुस्तकातून आलेली असतात. “अरे, तू राहतोस ते गाव नव्हे का?” असे विचारले, तर मुलगा गोंधळून म्हणतो, “नाही सर, तिथे आम्ही फक्त राहतो.”

एका मुलीने मात्र एकदा निराळे लिहिले. संध्याकाळी आईची वाट पाहत ती खिडकीत बसते. गाडी आल्याचे तिला आवाजावरून कळते. मग पुलावरून उतरायला इतका वेळ, भाजी घ्यायला इतका वेळ, आणि पावसाळा असला तर रिक्षाच्या रांगेत इतका वेळ, असे मनाशी मोजीत ती कुकर लावते. आई जिना चढते त्या वेळी तिसरी शिट्टी होते. अलंकार एकही नव्हता, शुद्धलेखनाच्या चुका नऊ होत्या. मी तिला सर्वांत जास्त गुण दिले. हा निबंध चापेकरांनी वाचला असता तर त्यांनीही दिले असते असे मला वाटते, कारण त्यातही मोजणे होते. प्रेमाने केलेली मोजणी ही कादंबरीच्या फार जवळची गोष्ट आहे.

नदीविषयी लिहिल्यावाचून या गावाचे वर्णन पुरे होणार नाही. उल्हास नदी घाटमाथ्याकडून उतरून कर्जतवरून बदलापुरास येते आणि पुढे कल्याणवरून वसईच्या खाडीस जाते. बदलापूरजवळ तिच्यावर बंधारा आहे, तिचे पाणी गावाला आणि अंबरनाथलाही जाते; जवळच बारवीचे धरण आहे, त्याचे पाणी कारखान्यांना आणि दूरच्या शहरांना जाते. म्हणजे सकाळी येथली माणसे मुंबईकडे वाहतात आणि पाणीही त्याच दिशेला वाहते. नदीशी नव्या रहिवाशाचा संबंध एरवी नळापुरता. पण पाटबंधाऱ्याच्या नकाशांवर निळी रेषा आणि लाल रेषा असते. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २६ जुलै २००५ ला पूर आला, आणि पुन्हा चौदाच वर्षांनी, २०१९ च्या जुलैत. त्या वेळी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात उभी राहिली व हजाराहून अधिक उतारूंना होड्यांतून बाहेर काढावे लागले. वर्तमानपत्रे त्या गाडीने भरून गेली. जी गाडी एरवी बदलापुरास थांबत नाही ती नदीने थांबवली, तेव्हा कोठे जगाला कळले की तेथे नदी आहे. ज्यांच्या तळमजल्यावर त्याच दिवशी पाणी शिरले त्यांची हकीगत आतल्या पानावर गेली. वर्तमानपत्राचा तो धर्मच आहे. वाङ्मयाचा धर्म आतले पान उघडण्याचा आहे, आणि तो पाळला गेला नाही.

दुसरा एक दिवस सांगावासा वाटतो, जरी सणाच्या अंकात तो सांगताना जीभ अडखळते. २० ऑगस्ट २०२४. शाळेतल्या लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या संतापाने लोक रुळांवर उतरले आणि दिवसभर गाड्या बंद राहिल्या. त्या आंदोलनाच्या राजकारणाबद्दल पुष्कळ लिहिले गेले. मला त्यातली एकच गोष्ट येथे नोंदवायची आहे. ज्या रुळांवर या गावाचे पोट चालते, तेच रूळ लोकांनी अडवले. ‘तिथे आम्ही फक्त राहतो’ असे म्हणणारी माणसे भाड्याच्या, हप्त्याच्या घरांतून निघून त्या दिवशी एका जागी उभी राहिली. ‘आमचा गाव’ हे शब्द तेथे कोणी उच्चारले की नाही, मला ठाऊक नाही. पण चापेकरांच्या शीर्षकातला ‘आम्ही’ त्या दिवशी काहीसा रुंद झाला होता, असे मला राहून राहून वाटते.

पुण्याजवळच्या लोणीचे वर्णन टॉमस कोट्स या डॉक्टराने १८१९ च्या सुमारास करून ठेवले होते. गो. स. घुर्ये यांनी सव्वाशे वर्षांनंतरच्या लोणीकंदाचा पुन्हा अभ्यास केला आणि १९६० मध्ये त्यावर ग्रंथ काढला. बदलापूरच्या बाबतीत असे व्हावयास हवे. २०३३ मध्ये चापेकरांच्या ग्रंथाला शंभर वर्षे होतील. सत्कार होतील, हार घातले जातील, अध्यक्षीय भाषणे होतील. त्याऐवजी कोणी वही घेऊन बसेल तर बरे. विद्यापीठातल्या माणसांनीच बसावे असे नाही. तेथे ‘ग्रंथसखा’सारखा मोठा ग्रंथसंग्रह एका चित्रकला-शिक्षकाच्या वेडातून उभा राहिला, तेव्हा हौशी माणसांनी काय होते असे कोणी म्हणू नये. चापेकरांनी जे विचारले तेच पुन्हा विचारावे: कोण कोठून आला, कशावर जगतो, कर्ज किती, काय खातो. आणि त्यांनी जे विचारले नसेल तेही विचारावे: जमीन विकून आलेला पैसा कोठे गेला, पाड्यावरच्या मुलांना इमारतींत कोणते काम मिळते, गाडी उशिरा आली की घरात कोण उपाशी राहते.

पहिली नोंद कोठे करावी असे मला कोणी विचारलेच, तर मी स्टेशनच्या पुलाची पायरी दाखवीन. पावसाळ्याच्या तोंडाला तेथे ठाकर-कातकरी बायका रानभाजी घेऊन बसतात. टोपलीत शेवळे असतात, शेजारी काकडांचा वाटा असतो. साताऱ्याकडून येऊन नुकतेच येथे घर घेतलेली एखादी बाई गाडीतून उतरते, शेवळांची जुडी उचलते, पैसे देते आणि घाईने निघते. टोपलीवाली तिला मागून हाक मारते, “बाय, काकडं ने गं, त्याबिगर भाजी घशाला खाजंल.” मग ती परत वळते, पिशवी खाली ठेवते, आणि ती भाजी कशी करायची हे पायरीवर उभे राहून सबंध ऐकून घेते. तोवर पुढची गाडी येते, आणि लोक दोघींच्या बाजूने वाट काढीत खाली उतरतात.